मौनाची तीन मिनिटे

माझ्या घरी बैठकीच्या खोलीत एक जुने घड्याळ आहे. वेळ ते अजूनही बिनचूक दाखवते. पण पाहुण्यांची नजर त्याच्यावर खिळते ती तबकडीवरच्या रंगीत पट्ट्यांमुळे. पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ही मिनिटे लाल रंगाने भरलेली. शून्य ते तीन आणि तीस ते तेहतीस ही हिरव्या. नातू लहान होता तेव्हा त्याने विचारले होते, "आजोबा, तुमच्या घड्याळाला हे काय लागलंय?" मी म्हटले, "या मिनिटांत कुणी बोलायचं नसतं रे. फक्त ऐकायचं असतं." त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, "काय ऐकायचं?"

त्या वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज जरा सविस्तर सांगतो.

१९७३ पासून वीसएक वर्षे मी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. ब्रिजच्या मागे एक लहानशी खोली, त्यात रिसीव्हर, ट्रान्समीटर, मोर्सची कळ, कानाला हेडफोन आणि समोर भिंतीवर हे असले घड्याळ. त्या काळी जगातली सारी जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे एकमेकांना साद घालत ती ५०० किलोहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर. मुंबई रेडिओची खूण होती 'व्ही डब्ल्यू बी'. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये ही तीन अक्षरे ऐकू आली, की घर जवळ आल्यासारखे वाटे. एकमेकांना गाठ घालायची ती इथे, आणि मग गप्पा, तारा, हवामान, मालाचे निरोप यांसाठी दुसऱ्या कंप्रतेवर जायचे, असा शिरस्ता. साहजिकच ५०० वर आठवडी बाजारासारखा कलकलाट असे. मात्र तासातून दोनदा, लाल पट्ट्यावर काटा आला, की हा बाजार एकदम गप्प होई. तीन मिनिटे कुणीही कळीला हात लावायचा नाही. कुठे एखादे बुडते जहाज क्षीण आवाजात हाक मारीत असेल, तर ती हाक गोंगाटात हरवू नये, एवढ्याचसाठी. हिरवे पट्टे हे तोंडी बोलण्याच्या २१८२ किलोहर्ट्झसाठी होते. नियम तोच.

मला आजही त्या व्यवस्थेचे नवल वाटते. निरनिराळ्या देशांची, धर्मांची, एकमेकांशी प्रसंगी युद्ध करणारी राष्ट्रे. पण त्यांची जहाजे तासातून दोनदा एका अनोळखी माणसासाठी गप्प बसत. आणि गप्प बसलो, ऐकले, याची नोंद आम्हाला वहीत करावी लागे.

हे सारे काही आपोआप घडलेले नव्हते. त्यामागे किंमत मोजलेली आहे. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. शेकडो उतारूंसह ती नाहीशी झाली. ती कुठे बुडाली, शेवटच्या घटकेला काय झाले, हे सांगायला कुणी उरले नाही. बिनतारी संदेशाचा शोध तेव्हा लागायचाच होता. त्या बोटीला हाक मारायला तोंडच नव्हते.

'टायटॅनिक'ला तोंड होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती हिमनगावर आदळली. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे तिचे दोन तरुण बिनतारी कर्मचारी हाका मारीत राहिले, आधी 'सी. क्यू. डी.' ही जुनी खूण आणि मग नवी 'एस. ओ. एस.'. 'कॅलिफोर्नियन' हे जहाज त्याच टापूत बर्फामुळे थांबून होते. पण त्यावर बिनतारीवाला एकच. दिवसभराच्या कामाने थकून तो टक्कर होण्याच्या काही मिनिटे आधीच यंत्र बंद करून झोपला होता. त्याची चूक म्हणावी, तर तसा नियमच नव्हता. उलट ५८ मैलांवरच्या 'कार्पेथिया'चा हॅरॉल्ड कॉटम हाही निजायच्या तयारीत होता. पण कपडे बदलताना हेडफोन अजून त्याच्या कानावर होता. पहाटे चारच्या सुमारास 'कार्पेथिया' तिथे पोहोचली आणि ७०० वर माणसे वाचली. दीड हजारांच्या आसपास गेली. एकाने हेडफोन काढला होता आणि दुसऱ्याने काढला नव्हता, एवढाच काय तो फरक! त्यानंतरच १९१४ मध्ये लंडनला राष्ट्रे एकत्र बसली आणि समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला करार झाला. समुद्रावर सतत कुणीतरी ऐकत असले पाहिजे, ही गोष्ट तेव्हापासून कर्तव्य ठरली.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून काही मैलांवरच, काशाच्या खडकाजवळ, पावसाळी लाटांत कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी अवसेचा सण म्हणून घरी निघालेले गिरणगावातले कामगार, बायका, मुले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी माणसे दिसताच मासळीची पर्वा न करता जमेल तेवढ्यांना वर ओढले. पण मुंबई बंदराला बातमी कळली ती दुपारी, पोहत-तरंगत किनारा गाठलेल्यांच्या तोंडून. एवढे मोठे बंदर, गोदीत उभ्या बोटी, आणि डोळ्यांच्या टप्प्यातल्या मरणाची कुणाला खबर नाही! अलिबाग-रेवसच्या घराघरांतून 'रामदास'ची आठवण अजून निघते. माझ्या आजीच्या तोंडून ती ऐकतच मी मोठा झालो. मी या व्यवसायात का आलो, याचे थोडेफार उत्तर त्यात असावे.

आता या यंत्रांचा पल्ला एवढा लांब कसा, हे थोडक्यात सांगतो. ज्यांच्या घरी रेडिओ सिलोन लागत असे त्यांना ते चटकन कळेल. संध्याकाळ झाली, की सिलोन स्पष्ट लागे, आणि ऐन गाण्यात आवाज लाटेसारखा वर-खाली होई. लघुलहरी सरळ रेषेत जाऊन संपत नाहीत. वातावरणाच्या वरच्या भागात आयनांबर नावाचा विद्युतभारित थर आहे. त्यावर आपटून त्या पुन्हा खाली येतात, समुद्रावरून पुन्हा वर उसळतात आणि अशा टप्पे घेत हजारो मैल जातात. हा थर सूर्याच्या अतिनील किरणांनी बनतो. म्हणून दिवसा वरची कंप्रता घ्यायची, रात्री खालची, हा आमचा मूळ धडा. त्याउलट हल्लीच्या बोटींवर दिसणारा व्ही. एच. एफ. संच साधारण नजरेच्या रेषेतच चालतो. वीस-तीस सागरी मैलांपलीकडे त्याचा भरवसा नाही. मोबाइलचे तर किनाऱ्यापासून काही मैलांतच तोंड मिटते.

तोंडी हाकेसाठी 'एस. ओ. एस.' चालत नाही. 'एस'चा उच्चार खरखरीत नीट ऐकू येत नाही. म्हणून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील फ्रेडरिक मॉकफर्ड या बिनतारी अधिकाऱ्याने 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून 'मेडे' हा शब्द सुचवला. तीनदा 'मेडे', मग बोटीचे नाव, ठिकाण, काय झाले आहे आणि किती माणसे आहेत. घाबरलेल्या माणसालाही जमावे इतके ते सोपे आहे.

पण हाक मारणे सोपे. ऐकणे अवघड. हे मी पुस्तकी सांगत नाही.

एकट्या रेडिओ ऑफिसरच्या जहाजावर आमचा पहारा दिवसाचे आठ तास. उरलेल्या वेळी 'ऑटो अलार्म' नावाचे यंत्र ऐके. संकटातल्या जहाजाने प्रथम चार-चार सेकंदांच्या बारा लांब खुणा, मध्ये एकेक सेकंद सोडून, पाठवायच्या. त्या ओळखून आमच्याकडे घंटा वाजायची. ब्रिजवर, रेडिओच्या खोलीत आणि माझ्या उशाशी. अडचण एवढीच, की उष्ण कटिबंधातल्या विजांनाही ते यंत्र कधी कधी फसे. एका पावसाळ्यात, अरबी समुद्रात, एका रात्रीत ती घंटा पाच वेळा वाजली. पाचही वेळा मी उठून हेडफोन लावला. पाचही वेळा नुसती खरखर. पाचव्या वेळी कॅप्टन वर आले. भला माणूस. म्हणाले, "आजच्या रात्री बंद कर ते, नि झोप." मी बंद केले नाही. शौर्य वगैरे काही नव्हते. सकाळी नोंदवहीत काय लिहायचे, ही भीती होती.

माझ्या उभ्या नोकरीत ती घंटा खरी ठरली ती एकदाच. सोकोत्राच्या अलीकडे एका लहान मालवाहू बोटीचा माल सरकून ती कलली होती. आमच्याहून जवळ असलेले एक जहाज तिकडे वळले. आम्ही फक्त तिचा क्षीण निरोप किनाऱ्याकडे पुढे पाठवत राहिलो. सकाळपर्यंत सारी माणसे दुसऱ्या जहाजावर घेतल्याचे कळले. त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिला नाही. वीस वर्षांतली एक रात्र. पण त्या एका रात्रीसाठी बाकीच्या साऱ्या रात्री होत्या.

आणि एक कबुली. एकदा मौनाच्या तीन मिनिटांत मी खलाशांच्या तारांचे पैसे जुळवत बसलो होतो. रत्नागिरीकडच्या एका आगवाल्याला मुलगा झाल्याची तार आलेली, जहाजावर आनंदीआनंद, आणि हिशेबात काही रुपयांचा घोळ. काटा लाल पट्ट्यावरून पुढे सरकल्यावर भान आले. वहीत मी सवयीने लिहिले, 'मौनकाळ पाळला. काही ऐकू आले नाही.' वाक्य खोटे नव्हते. ऐकू आले नाही, कारण मी ऐकलेच नव्हते. त्या तीन मिनिटांत कुणी हाक मारल्याचे पुढे कधी कानावर आले नाही. तरीही ती ओळ मला अजून दिसते.

पुढे सारेच पालटले. १ फेब्रुवारी १९९२ पासून टप्प्याटप्प्याने आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे, समुद्रावरच्या संकटसंदेशांची नवी जागतिक व्यवस्था सुरू झाली. मोर्स गेले, ५०० वरचा पहारा गेला, आणि आमची जातही गेली. झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबले, की जहाजाचा नऊ आकडी क्रमांक आणि ठिकाण आपोआप प्रक्षेपित होते. जहाज बुडाले, तर ४०६ मेगाहर्ट्झचा बिकन पाण्यावर तरंगत उपग्रहाला हाक मारतो. नोकरी गेल्याचे दुःख मला झाले. पण खरे सांगायचे, तर ही व्यवस्था आमच्याहून चांगली आहे. ती थकत नाही, हिशेब करीत बसत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करीत असताना दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, पाठ जायबंदी झाली. ऑस्ट्रेलियाचा किनारा जवळजवळ दोन हजार सागरी मैल दूर. तरीही त्यांचा संदेश पोहोचला आणि तीन दिवसांत एका फ्रेंच मासेमारी गस्तनौकेने त्यांना उचलले. माझ्या काळात हे दैवावर सोडावे लागले असते.

मग तक्रार कसली? तक्रार दोन गोष्टींची आहे.

पहिली अशी, की ही व्यवस्था मोठ्या जहाजांसाठी झाली. लहान बोटींपर्यंत ती फार उशिरा झिरपली. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस 'ओखी' वादळ आले तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारे दिले गेले. पण त्यांच्यापर्यंत पोहोचेल असे साधनच बहुतेकांजवळ नव्हते. शेकडो मच्छीमार गेले किंवा त्यांचा पत्ता लागला नाही. ज्यांचे नशीब बरे, त्यांतल्या ६० हून अधिक बोटी ९०० च्या वर माणसे घेऊन आपल्या सिंधुदुर्गात, देवगडच्या आश्रयाला लागल्या. आपल्या लोकांनी त्यांना जेवू-खाऊ घातले, हे भूषणच. पण १९४७ मध्ये 'रामदास'ला तोंड नव्हते आणि सत्तर वर्षांनी या बोटींना कान नव्हते, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर काही चांगले घडले आहे, तेही सांगितले पाहिजे. 'इस्रो'ने मच्छीमारांसाठी उपग्रहामार्फत संकटसंदेश देणारे यंत्र २०१० पासूनच उपलब्ध केले होते. पण हाक मारणाऱ्याला ती पोहोचली की नाही, हे कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत 'निरोप मिळाला' असे उत्तर परत येते. समुद्रात बुडणाऱ्या माणसाला हे उत्तर म्हणजे अर्धे प्राण परत मिळण्यासारखे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये देशभरातील एक लाख मासेमारी बोटींवर दुतर्फा संदेशाची उपग्रहयंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. योजना उत्तम आहे. मात्र यंत्र बोटीवर बसले म्हणजे काम संपले, असे समजण्याची आपली जुनी खोड आहे. त्याची बॅटरी कोण पाहणार? तांडेलाला ते वापरायला कोण शिकवणार? धक्क्यावर गप्पा मारताना मला दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, "मोबाइल आहे की!" आणि दुसरे, "आमची मासळीची जागा दुसऱ्यांना कळते, म्हणून बंद ठेवतो." पहिले अज्ञान आहे, ते दूर करता येईल. दुसऱ्यात पोटाचा प्रश्न आहे. त्याची चेष्टा न करता, ही माहिती कुणाला दिसते आणि कुणाला नाही, हे सरकारने कोळीवाड्यात जाऊन, त्यांच्या भाषेत, पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

दुसरी तक्रार ऐकण्याची आहे. हाक मारणे इतके सोपे झाले, की चुकून मारलेल्या हाकांचा सुळसुळाट झाला. नव्या यंत्रांवरून येणाऱ्या संकटसंदेशांपैकी फार मोठा भाग चुकीचा निघतो, हे जगभरच्या शोध-बचाव केंद्रांचे दुखणे आहे. कुणी साफसफाई करताना बटण दाबतो, कुणी जुना बिकन भंगारात टाकतो आणि तो तिथून ओरडत राहतो. दाबणाऱ्याने लगेच 'चुकून दाबले' असे कळवले, तर काही बिघडत नाही. पण लाजेखातर आणि चौकशीच्या भीतीने लोक गप्प बसतात. मग केंद्रावरच्या माणसाच्या मनात तेच येऊ लागते, जे त्या पावसाळी रात्री आमच्या भल्या कॅप्टनच्या मनात आले होते : बंद कर ते, नि झोप. लांडगा आल्याची खोटी हाक फक्त मारणाऱ्यालाच नडत नाही. ती ऐकणाऱ्याचे कान मारते, आणि त्याची किंमत तिसराच कुणी भरतो.

म्हणूनच, उपग्रह आले तरी लांब पल्ल्याचा साधा रेडिओ आणि त्यावर बसणारा माणूस अगदी मोडीत काढू नये, असे माझे मत आहे. काही सागरी हद्दींत जहाजांवर लघुलहरी संच ठेवण्याची तरतूद आजही आहे, ती उगाच नव्हे. उपग्रहाला मधला मालक लागतो, सेवा लागते, पैसे लागतात. आयनांबर कुणाच्या मालकीचे नाही. आणि दुसरे असे, की बटणातून ठिकाण कळते, माणूस कळत नाही. एका बोटीची हाक आसपासच्या साऱ्या बोटींना एकाच वेळी ऐकू जाणे, हा रेडिओचा खरा गुण. 'रामदास'च्या बुडणाऱ्यांना वर ओढले ते बंदरखात्याने नव्हे, जवळून जाणाऱ्या कोळ्यांनी. आजही पहिली मदत जवळच्या बोटीचीच असते. पण तिचा संच चालू असला तर!

घरी बसून हा लेख वाचणाऱ्यांना यात काय करता येईल? बरेच. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक घरात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक दाराशी लिहून ठेवावेत. घरातला कुणी बोटीवर, मग ती मासेमारीची असो वा सुट्टीतल्या सहलीची, जात असेल, तर कुठे जातो, किती जण आहेत आणि परत कधी येणार, एवढे विचारून ठेवावे. वेळ टळली, की 'येईल अजून' म्हणत रात्र काढू नये. ज्यांच्याजवळ बिकन आहे त्यांनी तो आपल्या नावे नोंदवावा. नोंद असली, की केंद्रावरचा माणूस आधी घरी फोन करून खरे-खोटे पाहू शकतो. आणि चुकून बटण दाबले गेले, तर कळवायला लाजू नये. चूक कबूल करणाऱ्याला कुठलाही शहाणा अधिकारी रागावत नाही. रागवत असेल, तर त्याला बदलले पाहिजे.

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, बोटी रंगतात, कोळीवाडे वाजतगाजत धक्क्यावर येतात. त्या दिवशी पूजेच्या ताटाबरोबर आणखी एक रीत आपण सुरू करावी, असे मला फार वाटते. बोट पाण्यात लोटण्याआधी संच लावून पाहायचा, शेजारच्या बोटीला एकदा हाक द्यायची आणि तिचे उत्तर ऐकायचे. फार तर तीन मिनिटे लागतील.

नातू आता मोठा झाला आहे. परवा घरी आला तेव्हा बोलता बोलता त्याची नजर घड्याळाकडे गेली. पंचेचाळीस झाली होती. बोलायचा थांबला, माझ्याकडे पाहून हसला, आणि आम्ही दोघेही काटा लाल पट्ट्यावरून सरकेपर्यंत गप्प बसलो. बाहेर रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी टीव्ही. काही ऐकू आले नाही. पण या वेळी आम्ही ऐकत होतो.